सक्तीची लष्करी सेवा

विशिष्ट वयोगटातील व शरीराने पात्र अशा नागरिकांना ठराविक मुदतीसाठी सैन्यात दाखल होण्यास कायद्याने भाग पाडणारी पद्धती. स्वेच्छाभरती, वेतनासाठी लढणाऱ्या भाडोत्री सैनिकांची भरती आणि सरंजामदाराने आपल्या कुळांना लढाईस नेण्याची मध्ययुगीन प्रथा यांहून ही पद्धती भिन्न आहे. कारण तिच्यातील सेवेचे बंधन राज्य आणि नागरिक यांच्या प्रत्यक्ष संबंधातून निर्माण होते. सार्वत्रिक पद्धतीत विशिष्ट वर्षी जन्मलेल्या सर्व पात्र तरुणांना बोलावले जाते, तर निवडक पद्धतीत गरजेपुरत्या तरुणांची चिठ्ठ्या टाकून किंवा अन्य निकषांनी निवड होते. काही महिने ते दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि पुढे काही वर्षे राखीव सैन्यात नोंद, असे तिचे सामान्य स्वरूप असते.

राज्य नागरिकांवर करांचीही सक्ती करते. परंतु कर मालमत्तेतून द्यावयाचा असतो. लष्करी सेवेच्या सक्तीत राज्य नागरिकाच्या उमेदीची वर्षे, प्रसंगी त्याचे प्राणही मागते आणि दुसऱ्याचे प्राण घेण्याची आज्ञा त्याला देते. म्हणूनच ही सक्ती न्याय्य आहे काय आणि असल्यास कोणत्या अटींवर, हा राज्यशास्त्रातील व नीतिशास्त्रातील एक बिकट प्रश्न मानला जातो.

ऐतिहासिक आढावा : प्राचीन अथेन्समध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकपुत्रांना दोन वर्षे लष्करी शिक्षण देण्याची प्रथा होती. रोमन प्रजासत्ताकात सैनिकी सेवा हे मालमत्ताधारक नागरिकांचे कर्तव्य व भूषण होते. इ. स. पू. १०७ मध्ये मारिअसने भूमिहीनांना सैन्यात घेतल्यानंतर तेथे धंदेवाईक सैन्याचा उदय झाला. प्राचीन भारतात कौटिल्याने मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र व आटविक असे सैन्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. त्यांत वंशपरंपरागत, वेतनी व संघांच्या सैन्यांचा विचार आहे. सर्व प्रजेवरील समान सक्तीचा नाही.

आधुनिक सक्तीचा आरंभ फ्रेंच राज्यक्रांतीत झाला. २३ ऑगस्ट १७९३ च्या आदेशाने शत्रू हद्दपार होईपर्यंत सर्व राष्ट्र युद्धकार्यास जुंपण्यात आले. तरुणांनी लढावे, विवाहितांनी शस्त्रे घडवावीत आणि स्त्रियांनी तंबू व कपडे शिवावेत, अशी कामाची वाटणी त्यात होती. राज्य हे राजाचे नसून प्रजेचे असल्यामुळे त्याचे रक्षणही प्रजेनेच करावे, ही त्यामागील भूमिका होती. तथापि त्याच वर्षी तीन लाख सैनिकांच्या भरतीच्या हुकुमामुळे व्हांदे प्रांतातील शेतकऱ्यांनी उठाव केला. १७९८ च्या झूर्दां कायद्याने वीस ते पंचवीस वर्षे वयाच्या तरुणांची नोंदणी करून ही व्यवस्था कायम केली. पुढे श्रीमंतांना पैसे देऊन आपल्याऐवजी बदली माणूस पाठविण्याची मुभा मिळाली आणि मूळ समतेच्या तत्त्वाला बाध आला. ही मुभा १८७२ मध्ये रद्द झाली.

१८०६ मध्ये नेपोलियनकडून पराभूत झालेल्या प्रशियाने १८१४ च्या कायद्याने सार्वत्रिक लष्करी सेवा स्वीकारली. १८७०–७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यावर इतर राष्ट्रांनी या पद्धतीचे अनुकरण केले. जपानने १८७३ मध्ये व रशियाने १८७४ मध्ये ती अंगीकारली. १९१४ साली यूरोपातील बड्या सत्तांपैकी केवळ ब्रिटनचे सैन्य स्वेच्छाभरतीवर अवलंबून होते. फ्रान्समध्ये या सेवेची सांगड नागरिकत्वाशी घातली गेली होती. प्रशियात मात्र राजसत्तेचे वर्चस्व टिकवूनही ती राबविता आली. सक्तीची सेवा लोकशाहीस पोषक असतेच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

समर्थक मते : सक्तीच्या समर्थनार्थ मुख्यतः तीन युक्तिवाद केले जातात. पहिला न्यायाचा. परचक्रापासून होणाऱ्या संरक्षणाचा लाभ प्रत्येकाला मिळतो. तो कोणालाही नाकारता येत नाही. अशा स्थितीत काहींनी प्राण पणाला लावावेत आणि इतरांनी घरी बसून लाभ घ्यावा, हे अन्याय्य ठरते. दुसरा युक्तिवाद प्रजासत्ताकवादी परंपरेचा आहे. मॅकिआव्हेलीने भाडोत्री सैनिकांवर विसंबणाऱ्या राज्यांवर टीका केली व नागरिकांच्या सैन्याचा पुरस्कार केला. प्रत्येक नागरिक कर्तव्य म्हणून सैनिक असावा, धंदा म्हणून कोणीही नसावा, असे मत रूसोने पोलंडच्या राज्यव्यवस्थेविषयीच्या लेखनात मांडले. समाजापासून तुटलेले धंदेवाईक सैन्य सत्ताधीशांच्या हातचे हत्यार बनते. नागरिकांचे सैन्य सहसा बनत नाही, असा यामागील विचार आहे. तिसरा युक्तिवाद सामाजिक आहे. वेगवेगळ्या प्रांतांतील, वर्गांतील व धर्मांतील तरुण एकत्र राहिल्याने राष्ट्रीय ऐक्य वाढते; तसेच सत्ताधाऱ्यांची व धनिकांची मुलेही रणांगणावर जाणार असतील, तर युद्धाचा निर्णय अधिक विचारपूर्वक घेतला जातो.

विरोधी मते : विरोधकांच्या मते व्यक्तीचे शरीर व आयुष्य ही राज्याची मालमत्ता नव्हे. मनुष्यास मारण्यासाठी वा मरण्यासाठी पगारी ठेवणे म्हणजे त्याचा यंत्राप्रमाणे वापर करणे होय, असे कांटने चिरंतन शांततेविषयीच्या निबंधात (१७९५) प्रतिपादिले. तो आक्षेप खड्या सैन्यावर होता. नागरिकांनी स्वेच्छेने वेळोवेळी लष्करी कवायत करण्यास त्याने हरकत घेतली नाही. अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप वेगळा आहे. सक्तीने आणलेल्या सैनिकाला बाजारभावाहून कमी वेतन देता येते. त्यामुळे संरक्षणखर्चाचा एक भाग करदात्यांऐवजी त्या तरुणांवर छुप्या कराच्या रूपाने पडतो. शिवाय आधुनिक शस्त्रास्त्रे हाताळण्यास दीर्घ शिक्षण लागते आणि अल्पमुदतीचा सैनिक ते पुरे होईतो घरी परततो, असे लष्करी तज्ञांपैकी अनेकांचे मत आहे. मनुष्यबळ सहज उपलब्ध असल्यास शासन युद्धास अधिक सहजपणे प्रवृत्त होते, असा समर्थकांच्या तिसऱ्या युक्तिवादाच्या नेमका उलट आक्षेपही घेतला जातो.

भाराची विषमता : तात्त्विक वादापेक्षा या प्रश्नाचा व्यवहारातील निर्णय बहुधा भाराच्या वाटणीवर झालेला दिसतो. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेकडील राज्यांच्या १८६३ च्या कायद्याने तीनशे डॉलर भरणाऱ्यास भरतीतून सुटका दिली. ही रक्कम मजुरांच्या आवाक्याबाहेरची होती. त्या वर्षीच्या जुलैमध्ये न्यूयॉर्क शहरात भरतीविरुद्ध भीषण दंगल उसळली व तिच्यात अनेक निरपराध कृष्णवर्णीयांची हत्या झाली. दक्षिणेकडील राज्यांनी वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यांवरील एका गोऱ्या माणसास सूट दिली. त्यामुळे युद्ध श्रीमंतांचे व लढाई गरिबांची, अशी भावना तेथे पसरली.

१९१७ च्या कायद्याने बदली माणूस देण्याची मुभा अमेरिकेत नाहीशी झाली. सक्तीची भरती म्हणजे संविधानाने निषिद्ध ठरविलेली गुलामगिरी नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये दिला. तथापि व्हिएटनाम युद्धात विषमता निराळ्या मार्गाने अवतरली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची भरती पुढे ढकलली जात असल्याने शिक्षण परवडणारे तरुण मागे राहिले व कामगारवर्गातील तरुण आघाडीवर गेले. टीकेमुळे डिसेंबर १९६९ मध्ये जन्मतारखांची सोडत सुरू झाली. स्वेच्छाभरतीच्या शक्यतेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या गेट्स आयोगाने १९७० मध्ये सक्ती रद्द करण्याची शिफारस केली. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन हे या आयोगाचे एक सदस्य होते. १९७३ मध्ये अमेरिकेतील सक्तीची भरती थांबली. त्यानंतरही वाद संपला नाही. कारण पगारी सैन्यात गरजू कुटुंबांतील तरुणच अधिक जातात व गरिबी हीच एक प्रकारची सक्ती ठरते, असा प्रतिवाद केला जातो.

इझ्राएलमध्ये १९४९ च्या कायद्याने स्त्री व पुरुष दोघांवरही लष्करी सेवा बंधनकारक झाली. मात्र सुरुवातीस सु. चारशे धार्मिक विद्यार्थ्यांना दिलेली सवलत पुढे फार मोठ्या समूहापर्यंत विस्तारली व तीव्र वादाचा विषय झाली. या सवलतीस कायद्याचा आधार उरला नसल्याने अतिसनातनी पंथाच्या तरुणांचीही भरती करावी, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला.

सदसद्विवेकाचा प्रश्न : काही व्यक्ती धार्मिक वा नैतिक श्रद्धेमुळे शस्त्र हाती घेण्यास नकार देतात. रशियातील दुखोबोर पंथीयांनी १८९५ मध्ये आपली शस्त्रे जाळली व त्यापायी छळ सोसला. टॉलस्टॉयने त्यांच्या कॅनडातील स्थलांतरासाठी आपल्या कादंबरीचे उत्पन्न दिले. ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीची भरती सुरू करताना अशा नकारास कायद्यात स्थान दिले. सु. सोळा हजार व्यक्तींनी नकार नोंदविला. त्यांची चौकशी करणारी स्थानिक न्यायाधिकरणे मात्र अनेकदा कठोर होती. फ्रान्समध्ये नेलेल्या पस्तीस जणांना आज्ञाभंगाबद्दल देहदंड सुनावून नंतर तो सक्तमजुरीत बदलण्यात आला. १९२६ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेविरुद्ध निघालेल्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यावर आइन्स्टाइन, महात्मा गांधी, रवींद्रनाथ टागोर व बर्ट्रंड रसेल यांच्या स्वाक्षऱ्या होत्या.

पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याने सदसद्विवेकाविरुद्ध कोणासही सशस्त्र सेवा करावयास लावू नये, असा हक्क मान्य केला. अशा व्यक्तींना रुग्णालये, वृद्धाश्रम इ. ठिकाणी पर्यायी सेवा देण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये या नकारास विचारस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. दक्षिण कोरियात नकार देणाऱ्यांना दीर्घकाळ तुरुंगवास घडे. तेथील संविधान न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर २०२० पासून पर्यायी सेवा सुरू झाली. तिची मुदत छत्तीस महिने, म्हणजे भूसेनेतील सेवेच्या दुप्पट ठेवण्यात आली. पर्याय जेव्हा शिक्षेचे रूप घेतो, तेव्हा हक्क नावापुरता उरतो, अशी टीका यावर झाली.

भारत : भारतीय सैन्य परंपरेने स्वेच्छाभरतीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात सु. पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते व त्यांची भरती कायद्याच्या सक्तीविना झाली होती. तथापि कायद्यात सक्ती नसली, तरी व्यवहारात ती असू शकते. पहिल्या महायुद्धात पंजाबात गावोगावच्या अधिकाऱ्यांमार्फत भरतीसाठी दडपण आणले गेले व १९१९ च्या असंतोषाच्या कारणांत त्याची गणना होते. १९१८ मध्ये गांधीजींनी खेडा जिल्ह्यात स्वयंसेवी भरतीसाठी प्रचार केला. त्याला अल्प प्रतिसाद मिळाला. लोकमान्य टिळकांनी भरतीची सांगड स्वराज्याच्या हक्कांशी व हिंदी सैनिकांना अधिकारपदे मिळण्याशी घातली. महाराष्ट्रात तर प्रश्न उलट स्वरूपात उभा राहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजास सैन्याची दारे बंद झाली आणि ती पुन्हा उघडावीत यासाठी त्या समाजास दीर्घकाळ प्रयत्न करावे लागले. १९४१ मध्ये महार रेजिमेंटची स्थापना झाली. लष्करी सेवा हा भार असतो, तशी ती प्रतिष्ठा व समान नागरिकत्वाची खूणही असते, हे त्यातून दिसून येते.

भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आहे. मात्र सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची राज्यास मुभा असून त्यात केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या संविधान दुरुस्तीने देशाचे संरक्षण व आवाहन होताच राष्ट्रीय सेवा यांचा समावेश मूलभूत कर्तव्यांत केला. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची करण्यात आली होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. २०२२ मध्ये सुरू झालेली चार वर्षांची अग्निपथ योजना अल्पमुदतीची असली, तरी तीतील भरती ऐच्छिक आहे.

अलीकडील स्थिती : शीतयुद्धाच्या समाप्तीनंतर अनेक यूरोपीय राष्ट्रांनी सक्ती सोडली. फ्रान्समध्ये ती २००१ मध्ये संपली व जर्मनीने २०११ मध्ये ती स्थगित केली. स्वित्झर्लंडमध्ये मात्र २०१३ च्या सार्वमतात सु. ७३ टक्के मतदारांनी ती रद्द करण्यास नकार दिला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकाविल्यानंतर वारे उलटे वाहू लागले. युक्रेनने त्याच वर्षी व लिथुएनियाने २०१५ मध्ये ती पुन्हा सुरू केली. स्वीडननेही २०१७ मध्ये तसा निर्णय घेऊन स्त्री-पुरुषांना सारखेच पात्र ठरविले. नॉर्वेने स्त्रियांवरील बंधन २०१५ पासून लागू केले होते. याच्या दुसऱ्या टोकास एरिट्रियाचे उदाहरण आहे. तेथे अठरा महिन्यांची कायदेशीर मुदत १९९८ च्या इथिओपियाबरोबरील युद्धानंतर अमर्याद झाली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये तिची गणना गुलामगिरीत केली.

मूल्यमापन : अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी आपल्या न्यायविषयक ग्रंथात (१९७१) स्वातंत्र्याच्या रक्षणासाठीच आवश्यक असेल तर सक्तीची भरती क्षम्य मानली आहे. वरील इतिहास पाहता या अटीस आणखी तीन अटींची जोड द्यावी लागते. सेवेचा भार संपत्ती, जात वा धर्म न पाहता सर्वांवर समान पडावा. तिची मुदत निश्चित व लोकप्रतिनिधींच्या नियंत्रणाखाली असावी. आणि सदसद्विवेकाने नकार देणाऱ्यास शिक्षा नव्हे, तर सन्मान्य पर्याय मिळावा. या अटी पाळल्या गेल्या, तेथे लोकांनी सक्तीही स्वसंरक्षणाचे साधन म्हणून पत्करल्याचे दिसते. त्या मोडल्या गेल्या, तेथे कायदेशीर असूनही ती लोकांच्या दृष्टीने वेठ ठरली.