भाड्याच्या तासांचा रेडिओ

ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, समुद्राकाठच्या ब्रायटन बीच अ‍ॅव्हेन्यूवर रस्त्याच्या डोक्यावरूनच लोहमार्ग गेला आहे. लोखंडी खांबांच्या मांडवावरून 'बी' आणि 'क्यू' या गाड्या धडधडत जातात, तेवढा वेळ खालच्या दुकानांत बोलणं थांबतं आणि काउंटरमागच्या रेडिओत खरखर उठते. गाडी पुढे सरकली की रेडिओतला आवाज परत वर येतो. भाषा रशियन. बातम्या, मग अपघाताचे दावे लढवणाऱ्या वकिलाची जाहिरात, मग औषधांच्या दुकानाची, मग एखाद्या श्रोत्याचा फोन. तासाचा ठोका पडला की या सगळ्या रशियनच्या मधोमध एक छोटी इंग्रजी घोषणा येते, 'डब्ल्यूएसएनआर, जर्सी सिटी', आणि रशियन पुन्हा सुरू होते.

या घोषणेत धंद्याचं सगळं गणित दडलेलं आहे. अमेरिकी नियमाप्रमाणे प्रत्येक केंद्राला दर तासाला आपली अक्षरं आणि परवान्यावरचं गाव सांगावंच लागतं. ६२० किलोहर्ट्‌झवरच्या या मध्यमलहरी केंद्राचा परवाना हडसन नदीपलीकडच्या जर्सी सिटीचा. बोलणारी माणसं मात्र ब्रुकलिनमध्ये बसतात, आणि त्यांचं नाव वेगळं: 'डेव्हिडझोन रेडिओ'. ग्रेगरी डेव्हिडझोन यांच्या नावाने चालणारं हे केंद्र न्यूयॉर्कच्या रशियनभाषकांत सर्वांत जास्त ओळखलं जाणारं. 'डब्ल्यूएसएनआर' ही अक्षरं श्रोत्यांपैकी फारसं कुणी वापरत नसेल. त्यांच्यासाठी ते 'सहाशे वीस'.

महानगरात स्वतःचं केंद्र विकत घेणं ही स्थलांतरितांच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. पण १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकी संगीताचा श्रोता स्वच्छ आवाजाच्या एफएमकडे निघून गेला आणि मध्यमलहरींवरची बरीच केंद्रं ओस पडली. मोठ्या वाड्याचा मालक जशा खोल्या भाड्याने देतो, तसे या मालकांनी दिवसाचे तास भाड्याने द्यायला सुरुवात केली. सकाळी एका भाषेतल्या बातम्या, दुपारी दुसऱ्या भाषेतलं प्रवचन, रात्री तिसऱ्या देशातली गाणी, असा संसार एकाच लहरीवर नांदू लागला. तास घेणारा भाडं आगाऊ भरतो, जाहिराती स्वतः गोळा करतो, बहुतेक वेळा स्वतःच वाचतो. महिन्याअखेर हिशेब जुळला तर पुढचा महिना. या रेडिओत जाहिराती फार, अशी तक्रार ऐकू येते आणि ती खरी आहे. पण सरकारी अनुदान नाही, वर्गणी नाही, तेव्हा दुसरी वाटही नव्हती.

त्याहूनही स्वस्तातली एक युक्ती होती. एफएम केंद्राच्या मुख्य आवाजाच्या पोटात एक उपलहरी असते. साध्या रेडिओवर ती ऐकू येत नाही. दुकानांतलं पार्श्वसंगीत आणि अंधांसाठीचं वाचन तिच्यावरून चालायचं. १९८० आणि ९० च्या दशकांत परभाषी प्रसारकांनी ती भाड्याने घेतली. ऐकणाऱ्याला त्यासाठी खास डबा विकत घ्यावा लागे, आणि त्या डब्यावर तेवढं एकच केंद्र लागे.

न्यूयॉर्कच्या बाकीच्या लोकांना एकाच केंद्राचा रेडिओ ही अडचण वाटली असती. सोव्हिएत संघातून आलेल्या माणसाला ती ओळखीची वाटली. तिकडे घराघरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर 'रादियोतोच्का' असायची. लहर पकडणारं यंत्र नव्हतंच ते. भिंतीतून आलेल्या तारेला जोडलेला तो नुसता बोलका डबा होता. आवाज कमीजास्त करायची एक खुंटी, आणि मॉस्को जे पाठवील ते ऐकायचं. सकाळी सहाला राष्ट्रगीत, मग बातम्या, मग कवायतीच्या सूचना. दुसरा रेडिओ रात्रीचा. रिगाच्या 'व्हीईएफ' कारखान्यातला 'स्पिदोला' ट्रान्झिस्टर १९६० पासून मिळू लागला आणि त्याच्यावर लोक बीबीसी, व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ लिबर्टी शोधू लागले. त्या केंद्रांना गमतीने 'व्राझ्यी गलसा', म्हणजे शत्रूचे आवाज, म्हणत. सरकार त्यांच्यावर 'ग्लुशील्का', म्हणजे गोंगाट करणारी यंत्रं, सोडत असे. रेडिओ सिलोनसाठी लघुलहरींचा काटा केसभर इकडेतिकडे सरकवणारी महाराष्ट्रातली जी पिढी होती, तिला हे चटकन कळेल. फरक एवढाच, की आपल्याकडे धोका गाणं निसटण्याचा होता. तिकडे शेजाऱ्याच्या कानी पडलं तर नोकरी जाऊ शकत होती.

रेडिओ लिबर्टी १ मार्च १९५३ ला सुरू झालं. लघुलहरींवर गोंगाट सोडून त्याचा आवाज दाबणं सोव्हिएत सरकारने थांबवलं ते १९८८ च्या अखेरीस. या केंद्राची एक शाखा न्यूयॉर्कमध्येच, १७७५ ब्रॉडवे या पत्त्यावर होती. सर्गेई डोव्हलाटोव्ह हा आज रशियनमध्ये सर्वांत लाडका ठरलेला कथाकार तिथे कार्यक्रम करायचा. त्याच्या 'फिलियल' या लघुकादंबरीचा नायकही न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांच्या रेडिओवरचाच पत्रकार आहे. डोव्हलाटोव्ह २४ ऑगस्ट १९९० ला वारला. क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्स भागात तो जिथे राहत होता, तिथल्या रस्त्याच्या एका तुकड्याला २०१४ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. म्हणजे एकाच शहरात रशियनचे दोन रेडिओ होते. एक समुद्रापलीकडच्या बंद देशाशी बोलणारा, दुसरा पलीकडच्या गल्लीतल्या आजीशी. पहिल्याचा इतिहास अनेकांनी लिहिला. दुसऱ्याकडे अभ्यासकांनी फारसं पाहिलं नाही, आणि ही चूक आहे.

ही आजी आली कशी? १९७० च्या दशकात सोव्हिएत ज्यूंसाठी दार किलकिलं झालं. व्हिएन्ना, मग रोमजवळचं लादिस्पोली हे किनाऱ्यावरचं गाव, तिथे काही महिन्यांची वाट पाहणं, आणि मग अमेरिका, असा रस्ता होता. १९७९ या एका वर्षात सुमारे ५१ हजार ज्यू सोव्हिएत संघाबाहेर पडले. नंतर दार लागलं, ते १९८० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा उघडलं. १९८९ च्या लॉटनबर्ग दुरुस्तीने सोव्हिएत ज्यू आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती यांना निर्वासित म्हणून येणं सोपं झालं. ओडेसा, कीव्ह, मिन्स्क, किशिनेव्ह, ताश्कंद, बाकू अशा गावांची माणसं एकाच भाषेच्या आधाराने एकत्र राहू लागली. ब्रायटन बीचला लोक 'लिटल ओडेसा' म्हणू लागले. आज अमेरिकेत घरी रशियन बोलणारे नऊ लाखांहून अधिक आहेत.

रेडिओचं खरं काम दिसलं ते १९९६ मध्ये. त्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने कल्याणकारी योजना आखडणारा कायदा आला. नागरिक नसलेल्या गरीब वृद्धांचा मासिक भत्ता धोक्यात आला. पंचाहत्तरीची बाई, लेनिनग्राडमध्ये तीस वर्षं इंजिनिअर, इंग्रजी दुकानात पैसे देण्यापुरतं. तिला आता भत्ता टिकवायचा तर नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत द्यायची. कुणाला इंग्रजीची सूट मिळते, कोणत्या अर्जावर डॉक्टरचा दाखला चालतो, तारीख चुकली तर काय, हे प्रश्न घरोघरी होते. पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, आधीपासून भत्ता घेणाऱ्यांना तो परत मिळाला. मधल्या काळातली घबराट निस्तरली ती रशियन वृत्तपत्रांनी, सामाजिक संस्थांनी आणि रेडिओवरच्या वकिलांच्या तासांनी. वकील त्या तासाचे पैसे भरतो, श्रोता त्याचा अशील होईल या आशेने. पण फोन करणाऱ्या एकीच्या प्रश्नाचं उत्तर घरी बसलेल्या शेकडोंना फुकट मिळतं. हा सौदा दोन्ही बाजूंनी चोख होता.

फोनवरची भाषाही ऐकण्यासारखी आहे. घरभाड्याच्या सरकारी मदतीचं इंग्रजी नाव 'सेक्शन एट'. रशियनमध्ये तिचं झालं 'वस्मया प्रग्राम्मा', आठवा कार्यक्रम. दुकानात चीज-मांस कापून मागताना इंग्रजी 'स्लाइस'ला रशियन आज्ञार्थ जोडून 'नास्लाइसाइते' म्हणतात. 'अपॉइंटमेंट', 'सबवे', 'बेसमेंट' तर जसेच्या तसे. वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रांना ते स्वतःच 'देत्स्की साद', म्हणजे बालवाडी, म्हणतात. व्याकरणशुद्ध रशियन बोलणाऱ्या निवेदकांना हे खटकतं. त्यांचा आग्रह समजण्याजोगा आहे, पण या शब्दांनीच माणसं नव्या देशात उभी राहिली. आपल्याकडे 'अपॉइंटमेंट घेऊन ये' म्हणणाऱ्या आजोबांना कुणी मराठी विसरला म्हणत नाही.

न्यूयॉर्कला स्थलांतरितांच्या भाषेतला रेडिओ नवा नव्हता. १९२७ मध्ये समाजवादी नेते यूजीन व्ही. डेब्ज यांच्या स्मरणार्थ 'डब्ल्यूईव्हीडी' हे केंद्र निघालं. १९३२ पासून ते यिद्दिश दैनिक 'फॉरवर्ड'ने चालवलं. रशियन साम्राज्यातून आलेल्या पहिल्या पिढीचे ज्यू त्याच्यावर यिद्दिश नाटकं आणि बातम्या ऐकत. पन्नास-साठ वर्षांनी त्याच गावांतून आलेली माणसं ब्रुकलिनमध्ये रशियन ऐकू लागली. भाषा बदलली, गरज तीच राहिली.

मग उमेदवार आले. रशियनभाषक वृद्ध नेमाने मतदान करतात, हे ब्रुकलिनच्या राजकारण्यांना उशिरा कळलं. २००६ मध्ये अ‍ॅलेक ब्रुक-क्रास्नी राज्याच्या विधानसभेत निवडून आले. सोव्हिएत संघात जन्मलेले ते तिथले पहिले आमदार. २००८ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या आदेशाने शहराच्या कचेऱ्यांनी ज्या सहा परभाषांत सेवा द्यायची ठरली, त्यांत रशियन होती. आता निवडणूक जवळ आली की इंग्रजी बोलणारे उमेदवार दुभाष्याला शेजारी घेऊन रशियन रेडिओवर बसतात. डेव्हिडझोन यांचा शब्द मतं फिरवतो, अशी त्यांची ख्याती झाली. ज्याच्याकडे ध्वनिक्षेपक आहे त्यानेच उमेदवार निवडून द्यायला सांगावं, यात धोका आहे, आणि एकाच भाषेवर विसंबलेल्या श्रोत्याच्या बाबतीत तो जास्त आहे.

रशियन रेडिओ म्हटलं की मॉस्कोचा हात असणार, असा समज अनेकांचा होतो. मॉस्कोचा सरकारी 'रेडिओ स्पुटनिक' अमेरिकेत होता, पण इंग्रजीत. वॉशिंग्टन आणि कॅन्सस सिटीतल्या केंद्रांवरून तो तसाच भाड्याच्या तासांत चाले, आणि २०२४ मध्ये बंद झाला. ब्रुकलिनचा रशियन रेडिओ अमेरिकेतल्या वकिलांच्या, दवाखान्यांच्या आणि दुकानांच्या पैशावर चालतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा या श्रोत्यांतल्या अनेकांचे भाचे, शाळासोबती, आईवडिलांच्या कबरी ओडेसा आणि खारकीव्हमध्ये होत्या. बॉम्ब पडल्याच्या बातम्या त्यांनी बॉम्ब टाकणाऱ्याच्याच भाषेत ऐकल्या, कारण ती त्यांची स्वतःची मायबोलीही होती. ब्रायटन बीचवर 'टेस्ट ऑफ रशिया' नावाचं दुकान होतं. त्याची पाटी त्या वर्षी उतरली आणि 'इंटरनॅशनल फूड' अशी नवी पाटी लागली.

बाकीच्या शहरांत रशियन वस्तीचं रूप वेगळं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमधून 'वर्ड टू रशिया' हे ख्रिस्ती प्रवचन लघुलहरींवरून सोव्हिएत संघात जायचं. चोरून ऐकणाऱ्या बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल कुटुंबांना अमेरिकेतलं माहीत असलेलं गाव तेवढंच. दार उघडल्यावर त्यांतली कित्येक तिथेच उतरली. आधी रेडिओ गेला, मग त्याच्या मागून माणसं आली. शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यू आहे. भारतीय किराणा विकणाऱ्या पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर निघालं, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांनाही तो परका नाही. त्याच्या एका तुकड्याला गांधींचं नाव, दुसऱ्याला गोल्डा मेयर यांचं. मसाल्याच्या वासातून पश्चिमेकडे चालत गेलं की जॉर्जियन भट्टीच्या रोटीचा वास येतो आणि दुकानांत रशियन ऐकू येऊ लागते.

आता प्रश्न यंत्राचा आहे. विजेच्या मोटारींतली यंत्रणा मध्यमलहरींत खरखर निर्माण करते, म्हणून काही कंपन्यांनी गाडीतला एएम काढूनच टाकला. २०२३ मध्ये फोर्डनेही तसं ठरवलं आणि लोकांच्या दबावाखाली मागे घेतलं. तरुण रशियनभाषक फोनवर यूट्यूब ऐकतात. श्रोते म्हातारे होत चालले आहेत. 'नोव्होये रुस्कोये स्लोवो' हे न्यूयॉर्कचं रशियन दैनिक १९१० मध्ये सुरू झालं आणि शंभर वर्षांनी, २०१० मध्ये बंद पडलं. त्याचे जुने अंक ग्रंथालयांत वाचता येतात. रेडिओवर बोललेलं जपून ठेवण्याची सक्ती मात्र अमेरिकी कायद्याने केंद्रांवर केलेली नाही. १९९६ च्या त्या फोनांच्या कॅसेट कुणाच्या कपाटात पडून असतील, तर त्या आत्ताच एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करायला हव्यात.

वाचकांपैकी कुणाचं न्यूयॉर्कला जाणं झालं, तर ब्रायटन बीचला जरूर उतरावं आणि ६२० लावून ऐकावं. भाषा कळली नाही तरी जाहिरात कोणती आणि फोन कोणता, हे सुरावरून समजतं. सोबत एएमचा छोटा रेडिओ न्यावा. भाड्याच्या नव्या गाडीत तो असेलच असं नाही.