महाविद्यालय निवडताना : साध्य आधी, साधन नंतर

बारावीचा निकाल लागून गुणवत्ता याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या की आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांत एकच चित्र दिसते. टेबलावर दोन-तीन महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका पडलेल्या असतात, शुल्क भरण्याची मुदत दोन दिवसांवर आलेली असते आणि घरातील प्रत्येक जण आपले मत मांडत असतो. मामा म्हणतात, मुंबईचे नामांकित कॉलेज मिळते आहे तर सोडू नये. आजी म्हणते, पोरीने पहाटे काळोखात गाडी पकडायची कशाला, जवळचे काय वाईट आहे? वडील शुल्काचा आकडा पाहून गप्प बसतात. आणि जिला तीन-चार वर्षे तेथे काढायची आहेत, ती बहुधा काहीच बोलत नाही. तिला कोणी विचारलेलेच नसते.

प्रवेश मिळणे ही अनेक घरांची अडचण असते हे खरे; पण एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळाला म्हणजे निवड कशी करावी, याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. मोठे नाव, मित्र-मैत्रिणी, किंवा ‘आपल्या धर्मगुरूंचे कॉलेज’ एवढ्या आधारावर निर्णय होतो. त्याविषयी चार गोष्टी आम्ही येथे मांडू इच्छितो.

या बाबतीत आम्हांला एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण होते. संत इग्नेशियस लोयोला १५२८ साली पॅरिसला शिकण्यास गेले तेव्हा त्यांचे वय सदतिसाच्या आसपास होते. त्यापूर्वी स्पेनमध्ये बार्सिलोना, अल्काला व सालामांका येथे त्यांनी शिक्षण घेतले होते. पण ते घाईघाईने झाले होते आणि पाया कच्चा राहिला होता. ही उणीव त्यांनी स्वतःशी मान्य केली व पॅरिसमधील माँतेग्यू या कॉलेजात लहान मुलांबरोबर बसून पुन्हा लॅटिनचे प्राथमिक धडे गिरवले. पुढे त्यांच्यावर एक संकट आले. आपले पैसे त्यांनी एका सोबत्याकडे ठेवण्यास दिले होते. त्याने ते खर्च करून टाकले. राहती जागा सोडावी लागली आणि ते संत याकोबाच्या नावाने चालणाऱ्या एका धर्मशाळेत राहू लागले. निवारा मिळाला, परंतु ती कॉलेजपासून बरीच दूर होती. सकाळी उजाडल्यावाचून बाहेर पडता येत नसे आणि संध्याकाळी आंजेलसच्या घंटेपर्यंत परतावे लागे. परिणामी त्यांचे वर्ग बुडू लागले. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ही अडचण स्पष्टपणे नमूद केली आहे. कॉलेज पॅरिसचे होते, विद्यार्थी जिद्दी होता. पण राहण्याचे ठिकाण आणि वर्गाची वेळ यांचा मेळ बसत नव्हता.

वसईतील मुलांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर आहे. जलद गाडीलाही तासाभराहून अधिक वेळ लागतो. गावातून स्थानकापर्यंतची बस किंवा रिक्षा, फलाटावरची प्रतीक्षा आणि उतरल्यावर चालणे हे सर्व धरले तर एका बाजूचे दोन तास सहज होतात. वर्षाला १८० दिवस कॉलेज धरले तर ७२० तास प्रवासात जातात. गाडीत वाचन होईल असे म्हणणाऱ्याने सकाळची विरार लोकल पाहिलेली नसावी! हे तास कशाच्या बदल्यात द्यायचे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. प्रवास करूच नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. काही वेळा तो सार्थ असतो, काही वेळा व्यर्थ.

दोन उदाहरणे घेऊ. समजा, एका मुलाला इतिहास व पुरातत्त्व या विषयांची मनापासून ओढ आहे आणि पुढे संशोधन करावे असे त्याला वाटते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृती हा स्वतंत्र विभाग आहे. येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली उभारलेली, आज त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी संशोधन संस्था त्याच आवारात आहे. असा विषय, असे ग्रंथालय जवळपास मिळणार नसेल तर दोन तासांचा प्रवास करण्यास अर्थ आहे. आता दुसरी मुलगी पाहा. तिला चार्टर्ड अकाउंटंट व्हायचे आहे. ही परीक्षा महाविद्यालय घेत नाही, आयसीएआय ही राष्ट्रीय संस्था घेते. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, त्यानंतर प्रत्यक्ष कार्यालयातील आर्टिकलशिप (२०२३ च्या नव्या योजनेनुसार ती दोन वर्षांची झाली आहे) आणि शेवटी फायनल, असा हा मार्ग आहे. या मुलीसाठी बी.कॉम. ही सोबतची पदवी आहे. तिला खरी गरज आहे ती अभ्यासाच्या तासांची. घराजवळचे साधे महाविद्यालय निवडून वाचलेले ७२० तास तिने लेखाशास्त्राला दिले तर ती शहाणी ठरेल, मग मामांना काहीही वाटो.

दोन्ही मुले हुशार आहेत, दोघांनाही तेच नामांकित कॉलेज मिळते आहे, आणि तरीही दोघांचे योग्य उत्तर वेगळे आहे. याचे कारण त्यांचे साध्य वेगळे आहे. संत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात निवडीविषयी जे विवेचन आहे, त्याचा गाभा हाच आहे. साध्य आधी ठरवावे आणि साधन त्याला अनुरूप निवडावे. पुष्कळ लोक उलट करतात, आधी साधन पकडतात आणि मग साध्य त्याच्या मापाने कापतात, अशी त्यांची तक्रार आहे. आधी कॉलेज घेऊन मग ‘आता येथे कोणता विषय मिळतो ते पाहू’ असे म्हणणे हा त्याच चुकीचा आजचा नमुना होय.

सतराव्या-अठराव्या वर्षी संपूर्ण आयुष्याचे साध्य ठरलेले नसते, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु कोणत्या प्रकारचे काम आवडते, एवढे तरी सांगता येते. माणसांत राहून करायचे काम, प्रयोगशाळेतले काम, आकड्यांचे, हातांचे की शब्दांचे? ज्याचे अजून ठरलेले नाही त्याने मार्ग बंद न करणारा अभ्यासक्रम व खर्च बेताचा असलेले महाविद्यालय घ्यावे, हे उत्तम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. मुख्य विषयासोबत दुय्यम विषयही असतो. कोणते महाविद्यालय कोणती जोडी प्रत्यक्षात शिकवते, चौथे वर्ष तेथे आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

व्यवसायाची दिशा ठरली असेल तर मात्र पदवीचे नाव बारकाईने पाहावे लागते. औषधनिर्माणशास्त्राला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, परिचर्येला इंडियन नर्सिंग कौन्सिलची, कायद्याला बार कौन्सिलची व वास्तुशास्त्राला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता लागते. मान्यता नसेल तर इमारत कितीही देखणी असो, उपयोग नाही. व्यवस्थापनाच्या पदवीबाबतही २०२४ पासून बदल झाला. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू झाली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ अशा नावाने चालवण्यास प्रारंभ केला. थोरल्या बहिणीने पाच-सात वर्षांपूर्वी जे केले तेच धाकट्याला मिळेल, असे गृहीत धरू नये.

अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी पसंतीक्रम भरताना विशेष काळजी घ्यावी. केंद्रीय प्रवेश फेरीत महाविद्यालय आणि शाखा मिळून एक पर्याय होतो, आणि पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो. ‘टाकून तर पाहू’ म्हणून मनात नसलेली शाखा वर लिहिणे महागात पडते. शाखा महत्त्वाची की महाविद्यालय, हा वाद दरवर्षी होतो. आमचे मत असे की ज्या शाखेचे विषय मुलाला नकोसे वाटतात ती शाखा मोठ्या नावासाठी घेऊ नये. चार वर्षे ते विषय त्यालाच सोडवायचे आहेत.

आता महाविद्यालयाची पारख. नॅकची श्रेणी पाहावी, पण ती संपूर्ण संस्थेला मिळालेली असते, एका विभागाला नव्हे, आणि तिला मुदत असते. श्रेणी कोणत्या वर्षाची आहे हे पाहावे. तांत्रिक अभ्यासक्रमांना एनबीएची मान्यता त्या त्या अभ्यासक्रमापुरती मिळते, म्हणून ती अधिक उपयुक्त ठरते. पण कागदापेक्षा एक सकाळ अधिक सांगते. मुलाने कामाच्या दिवशी तेथे जावे आणि शेवटच्या वर्षाच्या दोघा-तिघांना गाठून विचारावे : तास नियमित होतात का? तुमच्या विषयाला कायम शिक्षक किती? प्रयोगशाळेत प्रयोग स्वतः करता की पाहता? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? नोकरीच्या जाहिरातीत ‘सर्वाधिक वेतन’ ठळक छापलेले असते. त्याऐवजी शंभरातल्या कितींना नोकरी लागली आणि मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले, हे विचारावे. मोठ्या वर्गात प्रश्न विचारण्यास लाजणाऱ्या मुलाला लहान वर्ग फुलवतो. उलट काही मुलांना मोठ्या शहराची स्पर्धाच जागे करते. आपले मूल कोणत्या प्रकारचे आहे हे आईवडिलांना ठाऊक असते, फक्त ते मोकळेपणाने मान्य करावे लागते.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांत आपल्या मुलांसाठी जागा राखीव असतात, ही मोठी सोय आहे आणि तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु जागा मिळते म्हणून ती घ्यावी, हा तर्क बरोबर नाही. आवारात चॅपेल आहे यावरून रसायनशास्त्राचा विभाग चांगला आहे असे ठरत नाही.

पैशाची गोष्ट शेवटी येऊ नये. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूककृत शुभवर्तमान, अध्याय १४), तो येथे तंतोतंत लागू पडतो. पहिल्या वर्षाचे शुल्क नव्हे, सर्व वर्षांचे शुल्क, प्रवास किंवा वसतिगृह, पुस्तके व परीक्षा यांची एकत्र बेरीज करावी. एकाच महाविद्यालयात पारंपरिक बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अनुदानित असते आणि शेजारच्या वर्गातील स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाचे शुल्क त्याच्या कितीतरी पट असते. महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस व एसईबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून पूर्ण सवलत आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. घाईने कोट्यात पैसे भरून ही सवलत गमावू नये. इग्नेशियस यांनीही धर्मशाळेतील त्या अनुभवानंतर वेगळा मार्ग काढला. एका धर्मबंधूच्या सल्ल्यावरून ते सुट्टीत फ्लँडर्सला आणि एकदा लंडनलाही जाऊन वर्षभराची मदत एकदम जमवू लागले, म्हणजे उरलेले वर्ष अभ्यासाला मोकळे राही.

एवढे करूनही दोन पर्याय समान वाटले तर? त्याच ग्रंथातील एक साधी युक्ती उपयोगी पडते. आपल्या अगदी अनोळखी, पण ज्याचे भले व्हावे असे आपल्याला वाटते अशा एका मुलाने हाच प्रश्न आपल्याला विचारला, असे समजावे. त्याला आपण काय सांगू? तोच सल्ला स्वतःला द्यावा. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक पर्यायाचे लाभ व तोटे लिहून काढणे, आणि ते करताना मन तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी ठेवणे. आमची सूचना अशी की आईवडिलांनी व मुलाने हे कागद वेगवेगळे लिहावेत आणि मग एकत्र बसून वाचावेत. मुलीच्या कागदावर ‘सहा वाजताची गाडी’ लाभांत आहे आणि आईच्या कागदावर तोट्यांत, असे दिसले तर निदान खरे बोलणे सुरू होते.

निवड चुकली असे लक्षात आले तर लपवू नये. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळते, त्यानंतर टप्प्याटप्प्याने कपात वाढत जाते व अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटल्यावर काहीच मिळत नाही. मूळ दाखले अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पहिल्या वर्षानंतरही बदल करता येतो. माँतेग्यूमध्ये पाया पक्का झाल्यावर इग्नेशियस यांनी १५२९ साली ते कॉलेज सोडले आणि तत्त्वज्ञान शिकण्यासाठी सेंट बार्ब कॉलेजात नाव घातले. तेथे खोलीत त्यांना दोन तरुण सोबती मिळाले, पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर.