गाडीतला जीपीएस की खिशातला? पक्का रस्ता संपतो तिथला हिशोब

या भागाची सुरुवात एका श्रोत्याच्या मेसेजने. तो लिहितो, "दादा, फोर बाय फोर घेतोय. सप्टेंबरमध्ये लडाख ठरलंय, पँगाँगवरून पुढे हानले. टॉप व्हेरिएंटमध्ये नेव्हिगेशन येतं. त्यासाठी जास्तीचे पैसे घालू, की फोन पुरेल?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: ते पैसे टायर आणि टो स्ट्रॅपवर घाला. फोन पुरेल, पण आत्ता तुमच्या हातात तो ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत नाही.

आधी एक गैरसमज काढू. "रेंज गेली की जीपीएस बंद" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. जीपीएस म्हणजे रेडिओसारखं काम आहे. २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह बोलत असतात, आपला फोन नुसता ऐकतो. त्याला टॉवर लागत नाही, सिम लागत नाही, डेटा पॅकही नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनला आपली जागा साधारण ५ मीटरच्या आत कळते. तो निळा ठिपका अगदी बरोबर असतो, नसतो तो त्याच्या खालचा नकाशा, कारण नकाशा इंटरनेटवरून येतो. म्हणून करड्या कोऱ्या स्क्रीनवर एकटा ठिपका दिसतो आणि आपण जीपीएसला शिव्या घालतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर चालू आहे, कॅशे रिकामी आहे.

आणि लडाखमध्ये ती रिकामी राहण्याची शक्यता जास्त. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिकडे चालतच नाही, पोस्टपेड लागतं. पोस्टपेड असलं तरी लेह सोडल्यावर नेटवर्क येतं-जातं.

रेंजचा थोडा संबंध मात्र आहे, तो फक्त सुरुवातीला. कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन एरवी इंटरनेटवरून झटपट उचलतो. नेट नसेल तर ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला ५० बिट इतक्या गोगलगायीच्या वेगाने पाठवतो. सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं लागतात. जागा कळायला एवढा वेळ लागत नाही, पण पहिल्यांदा काही मिनिटं जाऊ शकतात. तेव्हा ठिपका येत नाही म्हणून फोन सारखा रीस्टार्ट करू नका. गाडीबाहेर, मोकळ्या आभाळाखाली धरा आणि थांबा.

आता गाडीतल्या सिस्टमकडे येऊ. पहिलं काम म्हणजे ब्रोशर नीट वाचा. तिथे "अँड्रॉइड ऑटो" किंवा "अ‍ॅपल कारप्ले" लिहिलं असेल, तर ते गाडीतलं नेव्हिगेशन नव्हे. तो तुमचाच फोन आहे, फक्त मोठ्या पडद्यावर. फोनमध्ये नकाशा नसेल तर त्या पडद्यावरही नसणार. शोरूममध्ये हा फरक कुणी आपणहून सांगत नाही, सेल्समन दोन्हीला "नेव्हिगेशन" म्हणतो.

खरं बिल्ट-इन म्हणजे नकाशा गाडीच्याच मेमरीत आणि अँटेनाही गाडीचाच. त्याच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. उन्हात तापून बंद पडत नाही, चार्जिंगची कटकट नाही, स्टँड हलत नाही. त्यातही चांगल्या सिस्टम चाकांच्या वेगाचे सेन्सर आणि जायरोस्कोप वापरतात. उपग्रह दिसेनासे झाले तरी "इतकी चाकं फिरली, इतकं वळलो" असा हिशोब करत ठिपका पुढे सरकवतात. अटल बोगद्यातल्या ९ किलोमीटरमध्ये फोन गोंधळेल, ही सिस्टम बहुधा नाही. (चिखलात चाक जागच्या जागी फिरलं तर तिलाही वाटतं गाडी पुढे गेली, पण उपग्रह दिसले की ती स्वतःला दुरुस्त करते.)

अडचण दुसरीकडे आहे. ही सिस्टम रस्त्यासाठी बनवलेली असते. तिला ठाऊक असलेल्या रस्त्यावर ती ठिपका ओढून बसवते, याला मॅप मॅचिंग म्हणतात. पुण्यात फ्लायओव्हरखाली ते उपयोगी पडतं. पण चांगथांगच्या पठारावर एकाच दिशेने पाच-सात समांतर चाकोऱ्या जातात. त्यातली एक ओढ्यात उतरते, एक वाळूत रुतवते आणि एकच नीट पलीकडे जाते. तिथे गाडीचा पडदा एकतर तुम्हाला नसलेल्या रस्त्यावर दाखवतो, नाहीतर "रस्त्यावर परत या" म्हणत बसतो. तुम्हाला तिथे हवा असतो ट्रॅक, म्हणजे आधी कुणीतरी खरंच गाडी नेलेली रेघ. ती जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये मिळते. फोनमधली ओसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही अ‍ॅप ती फाइल उघडतात. गाडीतल्या बहुतेक सिस्टम तिला ओळखतही नाहीत. रेघ असली की एक फायदा पठारालाही होतो, तुम्ही आठवी चाकोरी पाडत नाही.

पण माझ्यासाठी निर्णायक मुद्दा वेगळाच आहे. गाडी बंद पडली तर? एक्सल गेला, नाल्यात पाणी चढलं, बॅटरी बसली. अशा वेळी गाडीतला नकाशा गाडीबरोबरच बसला. मदतीसाठी तीन किलोमीटर चालत वस्तीपर्यंत जायचं तर तो काढून खिशात घालता येत नाही. इंजिन, वीज आणि नकाशा एकाच वस्तूला बांधलेले, हा शुद्ध सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहे. ऑफिसात असं डिझाइन कुणी आणलं तर रिव्ह्यूमध्येच परत जाईल.

इथे गूगल मॅप्सच्या भक्तांसाठी एक सूचना. त्याचे ऑफलाइन नकाशे चांगले आहेत, पण नेट नसताना ते गाडीचा मार्ग सांगतात, पायी चालण्याचा नाही. शिवाय डाउनलोड केलेला नकाशा अपडेट केला नाही तर त्याची मुदत संपते. म्हणून वर सांगितलेल्यांपैकी एक अ‍ॅप हवंच. ती ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, आणि त्यात पायवाटाही असतात.

फोनच्या उणिवा लपवणार नाही. अ‍ॅपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा. डॅशबोर्डवरचं दुपारचं ऊन आणि हानलेची पहाट, दोन्ही या पट्ट्याच्या बाहेर. तेव्हा फोन काचेला चिकटवण्यापेक्षा एसीच्या जाळीसमोर लावा आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. जुन्या गाड्यांच्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो, त्यावर नेव्हिगेशन चालू ठेवलं तर चार्जिंग वाढण्याऐवजी उतरतं. १२ व्होल्टच्या सॉकेटचा चांगला चार्जर घ्या. टॅब वापरणार असाल तर जपून: फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतोच, सेल्युलर मॉडेल लागतं.

गार्मिनच्या ईट्रेक्ससारखं हातातलं यंत्र? दोन एए सेलवर दिवसभर आरामात चालतं, उन्हात पडदा उलट जास्त स्पष्ट दिसतो, आपटलं तरी हू की चू नाही. दर महिन्याला डोंगरात जात असाल तर घ्या. वर्षातून एका लडाखसाठी मी घेणार नाही. पण सॅटेलाइट मेसेंजर ही वेगळी जात आहे. ते यंत्र नुसतं ऐकत नाही, उपग्रहाला निरोप पाठवतं, आणि भारतात त्याला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला अशाच यंत्रापायी अडकवून ठेवलं होतं. परदेशातल्या मावसभावाकडून मागवायच्या आधी हे लक्षात ठेवा.

मी स्वतः कपाटातला जुना फोन नेतो, सिमशिवाय. त्यात पूर्ण राज्याचा नकाशा आणि जीपीएक्स, आणि तेच सगळं रोजच्या फोनमध्येही. निघायच्या आदल्या रविवारी दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाकून मुळशीच्या बाजूला एक चक्कर मारतो. तिथे ठिपका, नकाशा आणि रेघ तिन्ही दिसले तर पुढेही दिसतील.

आणि वहीचं एक पान. अडकलात तर पुढे जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातात आपली जागा लिहून द्यायची असते, आणि ती अ‍ॅप दाखवतं तशीच्या तशी, चिन्हांसकट लिहा. ३३ अंश ४५ मिनिटं म्हणजे ३३.७५ अंश. कुणी ते घाईत ३३.४५ असं वाचलं, तर शोधणारी गाडी तुमच्यापासून ३३ किलोमीटर दक्षिणेला जाऊन उभी राहील.