मुक्काम वाढला, तर भाव किती उतरवावा?

तुमसरच्या बाजारात किलोभर तांदूळ घेतला, तर एक भाव लागतो. सबंध कट्टा उचलला, तर दुकानदार किलोमागे थोडे कमी करतो. त्यात त्याचे नुकसान नाही. एकदाच मोजायचे, एकाच गिऱ्हाइकाशी बोलायचे.

खोली भाड्याने देण्याच्या धंद्यातही असेच आहे. 2020 साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. तेव्हापासून शेतावर पाहुणे ठेवण्याचा विचार बरेच शेतकरी करू लागले. मात्र या धंद्यात भाव तोंडाने सांगून भागत नाही. तो मोबाइलच्या ॲपमध्ये आधीच भरून ठेवावा लागतो. पाहुणा पुण्यात बसून खोली घेतो, तेव्हा तुम्ही बांधीत चिखल करत असता. आकडा चुकला, तर घासाघीस करायला तिथे कोणी नसते.

आता नाकाडोंगरीकडे कोण येईल, ते पाहा. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉयलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. यंत्राच्या कामाला आलेला माणूस आठ-दहा दिवस राहील. चांदपूरच्या मारुतीला किंवा गायमुखच्या यात्रेला आलेला एक रात्र राहील. दोघांना एकच भाव लावावा का?

हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. तुम्ही आपले आकडे घाला.

खोलीचा भाव रात्रीला 800 रुपये. ॲपवाल्याची दलाली शेकडा 15, म्हणजे 120 रुपये. वीज, पाणी, चहा यांचे रात्रीला 100. पाहुणा गेला की चादरी धुणे, खोली झाडणे, साबण, याचे 150. एक रात्र राहणाऱ्याकडून हाती उरले 430 रुपये.

दुसरा पाहुणा सात रात्री राहिला. त्याला शेकडा 10 सूट दिली. भाव झाला 720. सात रात्रींचे 5040 आले. दलाली 756 गेली. वीज-पाणी-चहाचे 700 गेले. पण झाडझूड-धुण्याचे 150 एकदाच गेले! हाती उरले 3434. म्हणजे रात्रीला 490 रुपये. सूट देऊनही 60 रुपये जास्तच पडले.

कोणी म्हणेल, मग 30 टक्के सूट द्या, गर्दी होईल. थांबा. 30 टक्क्यांनी भाव होतो 560. सगळा खर्च जाऊन सात रात्रींचे उरतात 2482, रात्रीला 355 सुद्धा नाही. एकेक रात्रीच्या गिऱ्हाइकापेक्षा हे कमी झाले.

तरीही ही सूट नेहमीच वाईट नाही. तुमची खोली आठवड्यातून शनिवार-रविवार अशा दोनच रात्री जात असेल, तर दोन वेगळ्या पाहुण्यांचे मिळून उरतात 860. त्यापुढे 2482 भलेच. रिकामी गेलेली रात्र नासलेल्या दुधासारखी असते. ती उद्या विकता येत नाही. म्हणून सूट ठरवण्याआधी मागच्या दोन-तीन महिन्यांची वही काढा आणि किती रात्री खोली रिकामी होती ते मोजा. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पर्यटकांना बंद असतो, जंगल पाहायला येणारे कमी होतात. तेव्हा लांबच्या मुक्कामाला जास्त सूट चालेल. यात्रेच्या दिवसांत मुळीच नको.

आणखी एक गंमत आहे, पण ती महागात पडते. समजा, सूट सातव्या रात्रीपासून आहे आणि ती शेकडा 20 आहे. सहा रात्रींचे होतात 4800. सात रात्रींचे होतात 4480! हुशार पाहुणा सात रात्री घेईल आणि सहाव्या दिवशी निघून जाईल. सातवी रात्र अडकून राहील आणि पैसेही कमी येतील. म्हणून पायऱ्या बारीक ठेवाव्यात. तीन रात्रींपासून शेकडा 5, सात रात्रींपासून शेकडा 12. मग सहा रात्रींचे 4560 आणि सात रात्रींचे 4928 होतात. रात्र वाढली की रक्कमही वाढते.

ॲपमध्ये हे भरताना सूट कितव्या रात्रीपासून आणि शेकडा किती, असे दोन रकाने सापडतील. काही ॲपमध्ये ठरावीक टप्पेच असतात. एअरबीएनबीवर आठवड्याची सूट 7 रात्रींना आणि महिन्याची 28 रात्रींना लागते. कमीत कमी किती रात्री घ्याव्यात, हाही रकाना असतो. तिथे 2 भरले, तर एका रात्रीचा पाहुणा येणारच नाही. गायमुखच्या यात्रेकरूला दार बंद होईल. तेव्हा तो जपून भरा.

काही ठिकाणी दोन सुटी एकावर एक चढतात. सणाची वेगळी, मुक्कामाची वेगळी. हे ताडायला सोपी युक्ती आहे. भाव भरून झाला की शेजाऱ्याचा मोबाइल घ्या. पाहुणा होऊन आपलीच खोली शोधा. एक रात्र, सहा रात्री, सात रात्री अशा तारखा घालून रक्कम पाहा. पैसे मात्र भरू नका. ती रक्कम वहीतल्या हिशेबाशी जुळली नाही, तर खोली त्या दिवसापुरती बंद ठेवा आणि रकाने पुन्हा तपासा.