कमी वयात पिशवी काढली की हाडांचं काय होतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कमी उत्पन्न गटातल्या ३० ते ६० वर्षांच्या स्त्रियांची हाडं तपासली. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. खुब्याजवळच्या हाडात दहांपैकी जवळपास तिघींना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, होता. आहारातलं कॅल्शियम दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षाही कमी.

हाड आयुष्यभर मोडत आणि घडत असतं. जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवर घालतं. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि पहिली काही वर्षं झीज वेगाने होते. त्यात कॅल्शियम अपुरं पडलं, तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक रक्ताची गरज हाडांतून भागवतं.

हा आवर पिशवीच्या ऑपरेशननेही सुटू शकतो. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे ते आंध्र आणि तेलंगणात. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ मध्ये आपण वाचलंच. गर्भाशयाबरोबर इस्ट्रोजेन बनवणारी अंडाशयंही काढली, तर ते एकदम घटतं. ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी ‘अंडाशयं ठेवणार ना?’ हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, आणि ती आधीच काढली असतील तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कधी करायची, हेही.