सिस्टर रजेवर असतानाही



कपाशी पेरली म्हणजे पीक हाती आले, असे आपल्या तामसीचा कोणताही शेतकरी मानणार नाही. निंदणी-डवरणी चुकली की तण माजते. दवाखान्यातल्या चांगल्या सवयींचेही असेच आहे.

प्रसूतीपूर्वी साबणाने हात धुणे, बाळाला कोरडे करून आईच्या छातीशी ठेवणे, पहिल्या तासात अंगावर पाजणे, हे नर्सबाईंना ठाऊक असते. प्रशिक्षणानंतर काही दिवस ते काटेकोर पाळलेही जाते. मग एखाद्या रात्री तीन बाळंतिणी एकदम येतात, साबण संपलेला असतो आणि जुनी सवय परत येते. त्याची किंमत बाळ-बाळंतीण मोजतात.

उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत याची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत प्रशिक्षित नर्सेस आठ महिने भेटी देऊन तिथल्या नर्सेसना शेजारी उभ्या राहून शिकवीत. दुसऱ्या महिन्यात १८ आवश्यक कृतींपैकी सरासरी ७३ टक्के होऊ लागल्या. इतर केंद्रांत ४२ टक्केच. पण भेटी थांबल्यावर चार महिन्यांनी ७३ चे ६२ झाले. मृत्यूंत तर ठळक फरक पडलाच नाही. सुधारणा झाली, पण पुरती नाही आणि पुरती टिकलीही नाही.

म्हणून राखण घरच्याच माणसाने करावी लागते. ते काम इन्चार्ज सिस्टरचे. ती आधी स्वतः हात धुते. पाळी सुरू होण्यापूर्वी साबण, पाणी, हातमोजे पाहते. पाळी बदलताना काय राहिले ते विचारते. नव्या मुलीला जाणत्या नर्सबरोबर ठेवते. चूक झाली तर चारचौघांत न रागावता बाजूला घेऊन दाखवते. दर महिन्याला हिशेब मांडते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात एक सबंध प्रकरण याच गोष्टीला दिले आहे : आपण हजर असताना जे होते, ते आपल्या माघारीही कसे होईल? सिस्टर रजेवर असतानाही हात धुतले गेले, तर सवय रुजली म्हणायची.

आपणही हातभार लावू या. प्रसूतिगृहात गर्दी करू नये, नर्सबाईंना घाई करू नये. केंद्रात पाणी नसेल तर गावाने मिळून पंचायतीत विचारावे. कोरड्या नळाखाली कोणतीही सिस्टर हात धुवू शकत नाही.