यादी वाचून दाखवणारी जागा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी भूकंपाने हादरली, तेव्हा गणेश विसर्जन आटोपून माणसे नुकतीच कुठे झोपली होती. लातूर-उस्मानाबादमध्ये जवळपास ८,००० जीव गेले. बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. पुढे जागतिक बँकेचे कर्ज आले, ५२ गावे नव्या जागी वसली. या कहाणीत घरे सगळ्यांना दिसतात. कागदांची लढाई मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही.

नव्या गावात केवढे घर मिळणार, हे सातबारा ठरवत होता. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. जमीन कोणाच्या नावावर, भाऊ वेगळे निघालेत का, मयताचे वारस कोण, अशा एकेका नोंदीवर घर लहान-मोठे होत होते. घरधनी ढिगाऱ्यात गेलेल्या बाईने हे विचारायचे कोणाला? जिथे गाव न हलवता घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले, तिथे याचे उत्तर सापडले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. हप्ता कधी सुटतो, भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची, हे त्या गावकऱ्यांना समजावून देत. अख्ख्या पुनर्वसनात मला हे काम सर्वांत मोलाचे वाटते. पण ते योजनेपुरते होते.

हेच काम बारमाही करू शकेल अशी जागा म्हणजे गावचे सार्वजनिक वाचनालय. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागे, त्या काळात मराठवाड्यात माणसे जमली ती वाचनालयांच्या आडोशाने. आज १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अ ते ड वर्गाची वाचनालये खेडोपाडी आहेत. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मदतीचे अर्ज ऑनलाइन भरायला लोक ग्रंथालयांत रांगा लावत होते. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या आपत्ती यंत्रणेने ग्रंथालयांना अत्यावश्यक सेवांत घेतले.

आपल्याकडे मात्र पुरात वाचनालय स्वतःच बुडते. सांगलीचे नगर वाचनालय २०१९ मध्ये पाण्यात गेले. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये. भिजलेले पुस्तक फुगते, कपाटात घट्ट अडकते. गुळगुळीत आर्ट पेपरची पाने एकदा चिकटली की सुटत नाहीत. दाखल नोंदवही भिजली, तर काय काय गेले हेही सांगता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावात पाणी शिरले, लष्कर बोलवावे लागले. अलीकडे अतिवृष्टीचे अनुदान म्हणजे पंचनामा, यादीतला विशिष्ट क्रमांक, आधार, ई-केवायसी. ज्याचे पासबुकच वाहून गेले, तो हे सगळे कुठे बसून करणार? वाचनालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथ आणि नियतकालिके मोजतात. त्यांच्या जोडीला पूररेषेच्या वरची खोली, वीज गेल्यावर चालणारा एक संगणक आणि यादी वाचून दाखवणारा, त्यासाठी मानधन मिळणारा माणूसही मोजावा. नांदेड-लातूरच्या ड वर्गाच्या वाचनालयांपासून याची सुरुवात करता येईल.